नीलांडी कोंबड्यांची पारख

गोदावरीच्या काठी पोतन नगरात जयंधर नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्माला आले होते. त्यांचे नाव विमल. ते वयात आल्यावर राजाने त्यांना परीक्षकाचे पद दिले. राजवाड्यात हत्ती येवो, घोडा येवो, रत्न येवो की रेशमाचा तागा, तो आधी विमलांच्या नजरेखालून जाई. त्यांनी खरे म्हटले की खरे, खोटे म्हटले की खोटे. आणि एखादी गोष्ट कळली नाही, तर तसेही ते सांगून मोकळे होत.

नगराबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला वेणुग्राम नावाचे गाव होते. तिथे भद्रिका नावाची एक बाई राजाच्या कोंबड्या सांभाळी. हे काम तिला सासूकडून मिळाले होते आणि सासूला तिच्या सासूकडून. तिचा नवरा सिरिपाल बुरूडकाम करी. कोंबड्यांची डालगी, खुराड्यांची झाकणे, अंड्यांच्या पाट्या सगळे त्याच्याच हातचे.

त्या कोंबड्यांना लोक नीलांडी म्हणत, कारण त्यांची अंडी सकाळच्या निरभ्र आभाळासारखी निळी असत. हनुवटीखाली पिसांची दाढी, गालांवर पिसांचे झुबके, डोक्यावर तीन बुटक्या ओळींचा बसका तुरा आणि पाय ओल्या दगडी पाटीसारखे निळसर करडे. असे पाखरू साऱ्या जगात दोनच अंगणांत होते. राजा जयंधराची पणजी डोंगरातल्या एका राजाची लेक. ती लग्न होऊन पोतनला आली, तिची बहीण शेजारच्या मूलक देशात दिली गेली, आणि दोघींनी माहेरच्या कोंबड्या बरोबर आणल्या. पुढे दोन्ही राजघराण्यांत वितुष्ट आले. येणेजाणे थांबले, पण दोन्हीकडे तो वंश जपला गेला. घरच्या लेकीने सासरी जाताना या कोंबड्या न्यायच्या, अशी पोतनच्या राजघराण्याची रीत पडली.

एका पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला. पाणी वेणुग्रामात शिरले, तेव्हा भद्रिका खुराड्यांपाशीच होती. घरातली भांडी, धान्य, कापड कशाकडे न बघता तिने आणि सिरिपालाने डालग्यांत कोंबड्या भरल्या आणि गावामागच्या टेकडीवर नेल्या. सगळा गाव तिथेच गोळा झाला होता. कुंभारांनी आपल्या कोंबड्या आणल्या होत्या, कोळ्यांनी आपल्या, शेतकऱ्यांनी आपल्या. वर एकच पडवी होती. पाणी बरेच दिवस उतरले नाही. माणसे एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसली आणि कोंबड्याही तशाच. थंडीवाऱ्याने राजाची पुष्कळ पाखरे गारठून मेली. एक म्हातारा कोंबडा आणि थोड्या माद्या कशाबशा वाचल्या; त्यांच्या पायांत पणजीच्या खुणेची वाळी होती.

पूर ओसरल्यावर पशुशाळेचा अध्यक्ष पिंगल टेकडीवर आला. भद्रिकेने त्याला काहीच लपवले नाही. किती गेली ते सांगितले, आणि उरलेली सगळी गावच्या कोंबड्यांत मिसळली होती, हेही सांगितले. पुरात राजाची पाखरे गेली असे दरबारात कळले असते, तर नावेची व्यवस्था वेळेवर का केली नाही, असे त्यालाच विचारले गेले असते. म्हणून तो म्हणाला की पिल्ले निघाली की संख्या भरून येईल, तेव्हा हा विषय इथेच राहू दे. भद्रिकेला ते बरे वाटले नाही. पण अध्यक्षच म्हणतो आहे तर आपण कोण बोलणार, असे म्हणून ती घरी आली. तो म्हातारा कोंबडाही पुढे थंडीत मेला.

पिल्ले निघाली, वाढली. बहुतेकांना दाढी होती, गालांवर झुबके होते, पायही करडे दिसत होते. अंगण पुन्हा भरले. अंडी मात्र सगळी निळी नव्हती. काही निळी येत, पण पुष्कळशी शेवाळासारखी हिरवट. भद्रिका ती हिरवट अंडी घरात ठेवी आणि राजवाड्यात फक्त निळी पाठवी. तिने एकदोनदा पिंगलाला विचारून पाहिले. तो म्हणे, चारा बदलला असेल.

मग एके दिवशी नगरात दवंडी पिटली. मूलकच्या राजघराण्याशी जुने वैर मिटले होते आणि राजकन्या उत्पला तिथल्या युवराजाला दिली होती. लग्नाआधी मूलकहून पाहुणे आले. त्यांच्यात सुयामा नावाची एक वृद्ध दाई होती. तिने युवराजाच्या बापाला अंगावर पाजले होते, आणि मूलकमधल्या नीलांडी कोंबड्या तिच्याच देखरेखीखाली होत्या. रीतीप्रमाणे लेकीबरोबर जायची पाखरे बघायला ती वेणुग्रामात आली.

भद्रिकेने अंगण शेणाने सारवून ठेवले होते. सुयामेने एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, उचलली, नुकती अंड्यावर आलेली. तिने तिची दाढी बोटाने विंचरली, तुरा चाचपला, पंजा उलटून तळवा पाहिला. तिने ती खाली ठेवली आणि दुसरी उचलली. म्हातारी पाणी प्यायली आणि निघून गेली. दरबारात पोचल्यावर मात्र तिने सरळ सांगितले की अंगणातली बहुतेक पाखरे आपल्या वंशाची नाहीत. दिसायला तशी आहेत इतकेच.

राजाचा चेहरा उतरला. सगळ्या पाहुण्यांदेखत त्याच्या घरचे देणे खोटे ठरले होते. त्याने पिंगलाला जाब विचारला. पिंगल घाबरला. त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघाले, ते मागे घेण्याचे बळ त्याच्यात नव्हते. तो म्हणाला की त्या बाईने राजाची खरी पाखरे विकून टाकली असावीत आणि बाजारातून तशीच दिसणारी आणून अंगण भरले असावे.

भद्रिकेला बोलावणे आले. तिने पुराची आणि टेकडीची सगळी हकीकत सांगितली. पिंगलाने मान हलवून ती नाकारली. गावातले लोक साक्ष द्यायला तयार होते, पण राजा म्हणाला की गाव आपल्या माणसाच्याच बाजूने बोलणार. राजाचे पशुधन चोरणाऱ्याचा उजवा हात तोडावा, असा त्या राज्यात दंड होता. मग राजाने विमलांना बोलावले.

राजा म्हणाला, "विमला, तू जाऊन बघ. पाखरे बाहेरून आणलेली असतील, तर त्या बाईला दंड होईल आणि खोटी पाखरे कापली जातील. ती खरी निघाली, आणि या म्हाताऱ्या बाईंची नजर चुकली असेल, तर माझी लाज राहील. मग तुला हवे ते गाव इनाम मागून घे."

राजाला कोणते उत्तर हवे होते ते सगळ्यांनाच कळले. विमल नमस्कार करून निघाले.

ते वेणुग्रामात आले आणि तिथेच राहिले. भद्रिकेच्या दारात शिपाई बसवला होता. घराबाहेर जायची तिला मनाई होती, पण कोंबड्यांना दाणे टाकायला ती अंगणात येऊ शकत होती. तिला वाटले होते की परीक्षक येईल, एकदा नजर टाकेल आणि जाईल. विमल मात्र सकाळी अंगणात बसले ते ऊन चढेपर्यंत हलले नाहीत. कोण कसे चालते, कोण कसे उकरते, आरवताना कोणता कोंबडा मान किती वर करतो, हे ते बघत राहिले. मग त्यांनी एकेक पाखरू हातात घेतले. ज्यांच्याबद्दल खात्री पटली, ती त्यांनी सिरिपालाच्या डालग्यांखाली वेगवेगळी झाकून ठेवली. एकीकडे खरी, दुसरीकडे मिश्र. पण सगळ्यांत जास्त पाखरे मधल्या डालग्यांखाली गेली, जिथे त्यांना ठामपणे काही सांगता येत नव्हते. त्यांत तरणे कोंबडे होते आणि अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा.

दाणे टाकता टाकता भद्रिकेने भीत भीत विचारले की मधल्यांचे काय.

विमल म्हणाले, "दाढीवरून कळत नाही, पायांवरून कळत नाही. मादी असेल तर अंडे घालेपर्यंत थांबावे लागेल. कोंबडा असेल तर त्याची पिल्ले निघेपर्यंत."

लग्नाची तिथी तोंडावर आली होती. इतके कोण थांबणार, हे तिला कळत होते.

मग विमलांनी तिला पुराच्या दिवसांबद्दल विचारले. तिने पुन्हा सगळे, घरात ठेवलेल्या हिरवट अंड्यांचेही, सांगितले आणि पिंगल काय म्हणाला तेही सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. तिने विचारले की तुम्हाला तरी हे खरे वाटते का. ते म्हणाले की त्यांना खरे वाटते, पण त्यांच्या वाटण्यावर राजा निवाडा करणार नाही. त्यांनी हिरवट अंडी मागितली. तिने घरातून पाटी आणून दिली. त्यांनी गावात निरोप पाठवून कुंभाराच्या आणि कोळ्याच्या कोंबड्यांची अंडीही मागवली. ती गावठी कोंबड्यांची असतात तशी तांबूस होती.

दुपारी पिंगल आला. तो विमलांना बाजूला घेऊन बोलला, पण भद्रिका खुराड्यामागे पाणी भरत होती आणि तिला सगळे ऐकू आले. त्याचे म्हणणे असे की दिसायला चांगली अशी मूठभर पाखरे निवडून ती खरी असल्याचे सांगावे. पाहुण्यांची म्हातारी थकलेली आहे, तिला कोण विचारतो. राजा खूश होईल, लग्न पार पडेल, परीक्षकाला गाव मिळेल आणि बाईचाही हात वाचेल. यात कोणाचेच वाईट नाही.

विमलांनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग इतकेच म्हणाले की त्यांना अजून थोडी अंडी बघायची आहेत.

पिंगल गेल्यावर भद्रिका त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. इतका वेळ तिने धीर धरला होता. पिंगल कसाही असो, तो जे म्हणाला त्यात तिची सुटका होती.

"आर्य," ती म्हणाली, "सांगून टाका ना तसेच. खरी आहेत म्हणा. माझ्या हाताशिवाय माझ्या घरात काय आहे? तुमचे एक वाक्य आहे, आणि त्यात सगळ्यांचेच भले आहे."

विमलांनी तिला बसायला सांगितले. ते म्हणाले, "बाई, मी खरी म्हटली तर ती पाखरे राजकन्येबरोबर मूलकला जातील. तिथे त्यांची पिल्ले निघतील. कोणाची मान बिनपिसांची, उघडी निघेल, कोणाला दाढीच नसेल. तेव्हा सगळे बोट दाखवतील ते त्या मुलीकडे. परक्या घरात, एकटी, कोणाचाही आधार नसलेली. आणि दोन घरांमधले वैर पुन्हा उकरले जाईल. तुझा हात वाचवण्यासाठी मी तिची मान पुढे करू का?"

भद्रिकेने राजकन्येला एकदाच पाहिले होते, अंडी द्यायला गेली असताना. मुलगी पाटीतले निळे अंडे गालाला लावून हसली होती. भद्रिकेच्या डोळ्यांत पाणी आले. ते स्वतःसाठी की त्या मुलीसाठी, हे तिचे तिलाच कळेना.

"मग मला दंडच होणार," ती म्हणाली.

"खोटे बोलून मी तुला वाचवणार नाही," विमल म्हणाले. "पण खरे अजून पुरते बघून झालेले नाही. ते बघू दे."

ते पुन्हा अंड्यांच्या पाटीपाशी जाऊन बसले. त्या संध्याकाळी ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. सिरिपालाने पेज केली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने चार घोट घेतले. सिरिपाल तिला म्हणाला की हे गृहस्थ आपल्याला फसवत नाहीत, एवढे तरी खरे. तिला त्याचा राग आला, आणि जरा वेळाने तेच खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. राजा सिंहासनावर होता. एका बाजूला मूलकचे पाहुणे बसले होते, त्यांच्यात सुयामा. चिकाच्या पडद्याआड राजकन्या होती. पिंगल खांबाला टेकून उभा होता. भद्रिकेला शिपायांनी दाराजवळ उभे केले होते, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर दंड अमलात आणणारा माणूस बसला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

राजाने विचारले, "काय निकाल?"

विमल म्हणाले, "महाराज, या आईंची नजर चुकलेली नाही. अंगणातली बहुतेक पाखरे शुद्ध नीलांडी नाहीत."

दरबारात कुजबूज झाली. राजाने मान फिरवली. भद्रिकेने डोळे मिटून घेतले. काल त्यांनी सांगितलेच होते, तरी कुठेतरी तिला आशा होती, आणि ती आता गेली.

विमल पुढे म्हणाले, "माझे अजून संपलेले नाही. मला थोडे पाणी आणि एक कटोरा हवा."

पाणी आले. त्यांनी पाटीतून एक तांबूस अंडे घेतले, गावच्या कोंबडीचे. ते फोडून आतले कटोऱ्यात ओतले, टरफल धुतले आणि आतला पातळ पापुद्रा नखाने सोलून काढला. टरफल त्यांनी राजाच्या हातात दिले. बाहेरून तांबूस, आतून पांढरे. मग त्यांनी निळे अंडे तसेच केले. ते बाहेरून निळे होते आणि आतूनही निळे. तो रंग टरफलाच्या अंगातच भिनलेला होता.

शेवटी त्यांनी हिरवट अंडे उचलले, भद्रिका घरात ठेवी त्यांतले. ते फोडले, धुतले, पापुद्रा काढला आणि उजेडाकडे धरले. बाहेरून ते शेवाळासारखे हिरवे होते. आतून स्वच्छ निळे.

राजा सिंहासनावरून उठून जवळ आला.

विमल म्हणाले, "महाराज, तांबूस रंग वरून लागतो, हळदीचा हात फिरवावा तसा. निळा आरपार असतो. या अंड्यावर गावच्या कोंबड्याचा तांबूस हात फिरला म्हणून ते हिरवे दिसते. पण आतला निळा आपल्या पणजीच्या कोंबड्यांचा आहे. बाजारात कितीही दाढीवाल्या कोंबड्या मिळोत, असे अंडे त्या घालणार नाहीत. हा निळा जगात दोनच अंगणांत आहे, हे या आईच सांगतील."

सुयामा काठी टेकत पुढे आली. टरफल हातात घेऊन तिने ते डोळ्यांजवळ नेले, आत बोट फिरवले. मग म्हणाली, "आमचाच रंग आहे. यात शंका नाही. ही पाखरे शुद्ध नाहीत, पण परकीही नाहीत. आमच्या कोंबड्यांचीच लेकरे आहेत ती."

विमल म्हणाले, "याचा अर्थ, महाराज, ही पाखरे कोणी बाहेरून आणलेली नाहीत. ती याच अंगणात, आपल्याच कोंबड्यांच्या पोटी जन्मली. पिल्लांत एकाची मान कुंभाराच्या कोंबड्यासारखी उघडी आहे, एकाचा तुरा कोळ्याच्या कोंबड्यासारखा उभा आहे. गावची आणि राजाची पाखरे एकत्र राहिल्याशिवाय हे होत नाही. आणि ती एकत्र राहिली फक्त पुरात, टेकडीवर. आपल्या पणजीच्या खुणेची वाळी पायात असलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या अजून वेणुग्रामच्या अंगणातच आहेत. जिला विकायचे असते, तिने आधी त्या विकल्या असत्या."

मग ते पिंगलाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते म्हणाले, "पिंगल, पाणी उतरल्यावर आपण टेकडीवर गेला होता. ते मी सांगण्यापेक्षा आपणच सांगावे."

पिंगल खांबावरून सरकत खाली बसला. त्याने हात जोडले आणि सगळे कबूल केले. नावा वेळेवर पाठवल्या नाहीत ते, बाईला गप्प राहायला सांगितले ते, आणि दरबारात घाबरून तिच्यावर आळ घेतला तेही. बोलता बोलता तो रडू लागला. भद्रिकेला वाटले होते की हे ऐकून तिचा संताप होईल. पण तसे झाले नाही. ती दारालाच टेकली. शिपायाने तिच्या खांद्यावरचा हात काढला. दंड अमलात आणणारा माणूस उठून बाहेर निघून गेला, तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिले. तोही सुटल्यासारखा झपझप चालला होता.

राजा पिंगलावर भडकला. चोरीचा आळ खोटा घातला म्हणून तोच दंड त्याला द्यावा, असे तो म्हणाला.

विमल म्हणाले, "महाराज, आपण मला इनाम कबूल केले होते, पाखरे खरी निघाली तर. ती खरी निघाली नाहीत, म्हणून गावावर माझा हक्क नाही. पण एक मागणे आहे. या माणसाचा हात राहू द्या. तो घाबरून खोटे बोलला. दंडाच्या भीतीने माणसे खोटे बोलतात, आणि दंड वाढवला की आणखी बोलतात. त्याला पदावरून काढा, तेवढे पुरे. आणि ती पाखरे मारू नका. ती पुरातून जगून निघाली, याखेरीज त्यांनी काही केलेले नाही."

राजाचा राग एकदम ओसरला नाही, पण हातातले टरफल त्याने अजून खाली ठेवले नव्हते. शेवटी त्याने पिंगलाला पदावरून दूर केले आणि हात तोडण्याचा हुकूम मागे घेतला. मिश्र पाखरांपैकी ज्याला हवे त्याने न्यावे, असे त्याने वेणुग्रामच्या लोकांसाठी फर्मान काढले. मग तो सुयामेकडे वळून खिन्नपणे म्हणाला की लेकीबरोबर द्यायला आता त्याच्याकडे पाखरे उरली नाहीत. म्हाताऱ्या कोंबड्या आहेत, कोंबडा एकही खात्रीचा नाही. घरच्या देण्यात उणीव राहिली.

सुयामा हसली. दात नसलेले, मनापासूनचे हसू होते ते. ती म्हणाली, "महाराज, मी इथे आले ते याच काळजीने. आमच्याकडे उलटे आहे. आमच्या माद्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. नवीन रक्त नाही, पिल्ले कमजोर निघतात, अर्धी अंडी उबत नाहीत. कोंबडे मात्र धडधाकट आहेत. दोन बहिणींची पाखरे इतकी वर्षे एकमेकांना भेटली नाहीत, म्हणून दोन्हीकडे वंश झिजला. तुमच्या त्या वाळी घातलेल्या माद्या लेकीबरोबर द्या. अजून अंडी घालतात ना?"

सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या. त्या दिवशी दरबारात भद्रिका पहिल्यांदाच बोलली. "घालतात," ती म्हणाली. "रोज नाही, पण घालतात. निळी."

पडद्याआडून राजकन्येने विचारले की त्या कोंबड्यांची सवय असलेली बाई काही दिवस बरोबर येऊ शकेल का, पाखरे नव्या जागेत रुळेपर्यंत. राजाने भद्रिकेकडे पाहिले. ती म्हणाली की नवऱ्याला विचारून सांगते. हे ऐकून राजालाही हसू आले. मग तो विमलांना म्हणाला, "तू माझी लाज राखली नाहीस, विमला."

"नाही, महाराज," विमल म्हणाले.

"राखली असतीस," राजा म्हणाला, "तर पुढच्या वर्षी ती कायमची गेली असती." आणि त्याने त्यांना जवळ बसवून घेतले.

भद्रिका गावात पोचली तेव्हा ऊन कलले होते. सिरिपाल वेशीवरच उभा होता. त्याने काही न विचारता तिचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तसाच धरून ठेवला. अंगणात डालगी होती तशीच होती. भद्रिकेने एकेक करून ती सगळी उचलली. खरी, मिश्र आणि मधली पाखरे एकदम बाहेर पडली, पंख झाडून अंगणभर पसरली आणि कुरकुरत उकरू लागली. शेजारच्या बायका आल्या. कोणी म्हणाले की या पाखरांना रोग कमी लागतो, आम्ही दोन नेऊ. भद्रिका पायरीवर बसली आणि किती तरी दिवसांनी तिला भूक लागली.

त्या वर्षी राजकन्या मूलकला गेली. भद्रिकाही थोडे दिवस तिच्याबरोबर राहून आली. त्या म्हाताऱ्या कोंबड्यांपैकी एक तिथे खुडूक होऊन बसली, आणि तिच्या अंगाखालून निघालेल्या पिल्लांना दाढीही होती आणि बळही. त्यांतलीच काही पुढे पोतनला परत आली. जयंधर राजाच्या हयातीत दोन्ही राज्यांत पुन्हा वैर झाले नाही. विमल आयुष्यभर परीक्षकाचे काम करीत राहिले आणि शेवटी आपल्या कर्माप्रमाणे पुढे गेले.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्या जन्मीची माणसे आणि आजची माणसे यांचे नाते उलगडले. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या काळी जो पिंगल होता, तो म्हणजे हाच भिक्षू कालक. भीतीने चुकीचे बोलतो, पण चूक पटली की लपवत नाही. सुयामा दाई म्हणजे आज विहारात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी थेरी धीरा. राजा जयंधर म्हणजे आपल्याला दान देणारा गृहस्थ उदयभद्र. भद्रिका म्हणजे ही उपासिका सुमना. आणि परीक्षक विमल म्हणजे मीच. जे बाहेरून दिसते त्यावर न थांबता आत बघणे, आणि जे आत दिसले ते कोणाचाही घात न करता सांगणे, यालाच सत्यपारमिता म्हणतात. त्या जन्मी मी ती पारमिता अशी पूर्ण केली."